हातावरची पाटी

आमचे किसनमामा हरवायचे, तेही सरकारी गाडीनं आणि बसायला जागा मिळवून. पायी हरवणारी माणसं शेताशिवारात सापडतात. मामा जालन्याला सापडायचे, खामगावला सापडायचे, एकदा तर पार पुसदला सापडले. उभा जन्म एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस. डोक्यातून नातवंडांची नावं गेली, जेवलो की नाही ते गेलं, स्वतःच्या घराची वाट गेली. पण पहाटेची पहिली गाडी काही गेली नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसं झालं होतं.

आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामाच म्हणतात. जनकाबाई माझी सख्खी आत्या, दिली साखरखेर्ड्याला. मी सुचिता, बुलढाण्याला एका ऑफिसात कारकून आहे. आत्याला एकच मुलगा, जीवन, तो पुण्याकडे कंपनीत. म्हणजे जवळची अशी मीच. आणि आधीच सांगून ठेवते, विसरलेली म्हातारी माणसं किती निरागस असतात वगैरे मला कोणी ऐकवायला लागलं की मी भांडते. निरागस काही नव्हतं त्यात. आत्याचे हाल हाल झाले.

मामा कंडक्टर म्हणून मोठे कडक. माझ्या बापाला, म्हणजे सख्ख्या मेव्हण्याला, त्यांनी कधी फुकट नेलं नाही. "मेव्हना घरी. गाडीत पाशिंजर," म्हणायचे. पण वाचता न येणारी एखादी बाई गाठोडं घेऊन भलत्याच गाडीत चढली, की तिला हाताला धरून उतरवायचे, तिच्या गाडीपाशी नेऊन सोडायचे. पाटीचं त्यांना फार होतं. गाडीच्या तोंडावर लावलेली गावाच्या नावाची पाटी. ती ते स्वतः पुसायचे, स्वतः लावायचे. ड्रायव्हर हसायचे, तर म्हणायचे, "हासून काय राह्यला बे? पाटी चुकली का गाडीभर मानसं चुकते."

तर असा हा माणूस निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी चुकायला लागला. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला आणि आत्याला समजावून सांगितलं, की हे आता वाढत जाणार, गोळ्यांनी फार तर सावकाश वाढेल. आत्यानं विचारलं, "पन घर तं याद राहीन ना?" डॉक्टर भला माणूस. त्यानं खोटं सांगितलं नाही.

जीवननं दोघांना पुण्याला नेऊन पाहिलं. तिथं चौथ्या मजल्यावर मामा पहाटे उठून दार बडवायचे, शेजारी जमायचे. महिन्याभरात परत आणले. गावी आत्यानं खाकी शर्ट लपवून ठेवला, तर मामा अंगणात बसून लहान पोरासारखे रडले. तिनं मुकाट्यानं काढून दिला. कडी लावली, तर दारावर डोकं आपटून रक्त काढलं. त्यानंतर तिचा हात कडीकडे गेला नाही. आणि खाकीतला म्हातारा पाहिला, की नवी कंडक्टर पोरंही "या काका" म्हणून पुढं बसवून घेत. त्यांना काय ठाऊक?

मग आम्ही अक्कल चालवायला सुरुवात केली. मी चिठ्ठ्या लिहून दिल्या: नाव, गाव, फोन. खिसाभर. मामांनी त्या गाडीत एकेक करून प्रवाशांना वाटल्या, तिकिटं म्हणून. लोकांनीही घेतल्या. नंतर गळ्यात ओळखपत्र घातलं. ते त्यांनी सिंदखेडराजाला कोणाच्या तरी हवाली केलं. ड्युटी संपली की बिल्ला जमा करायचा असतो ना! जीवननं पुण्याहून, माणूस कुठं आहे ते दाखवणारं घड्याळ पाठवलं. तेही जमा झालं. कुठं, ते आजवर कळलं नाही. जे अंगावरून निघतं ते मामा इमानदारीनं जमा करत. चोराला पकडता येतं, इमानदार माणसाचं काय करावं?

पुसदहून आणलं तेव्हा अंगात ताप होता आणि गालावर बोटं उमटलेली होती. स्टँडवर ते लोकांना तिकिटं मागत फिरले असणार. कोणाला वाटलं असेल ठग आहे. आत्यानं तो गाल पाहिला आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. रडली नाही. मला तेव्हा तिची भीती वाटली.

चारसहा दिवसांनी ती एकटीच बुलढाण्याला माझ्या दारात. मामांना शेजारच्या अन्नपूर्णाबाईंपाशी बसवून आली होती. पाणीसुद्धा न पिता तिनं आपला हात माझ्यापुढं धरला. लहानपणी गोंदणाऱ्या बाईनं काढलेलं तुळशीवृंदावन त्यावर अजून हिरवं आहे.

"सुचे, माह्ये दात पडले, जोडवे हारपले, पोत मोडली. हे गेलं का?"

"नाही."

"मंग त्यायच्या हातावर गोंदून दे. गावाचं नाव अन् माह्या फोनचा नंबर."

मी भडकलेच. "आत्या, माणसाच्या अंगावर नंबर? गुरांच्या कानात बिल्ला मारतात तसा?"

"हाव," ती म्हणाली. "बिल्ला मारलेलं ढोर सापडते, सुचे. त्याले कोनी ना कोनी घरी आनून देते. मानूस नाही सापडत."

मी चहा ठेवायला आत गेले आणि गॅस न पेटवता तशीच उभी राहिले.

आमच्या ऑफिसाजवळच एका इमारतीत वरच्या मजल्यावर पायल नावाची मुलगी टॅटू काढायची. आसपास तिच्याइतका सफाईदार हात कोणाचा नव्हता, असं कॉलेजची पोरं सांगायची. ठरल्या दिवशी आत्या मामांना गाडीनं घेऊन आली. वाटभर मामांनी सगळ्या प्रवाशांची चौकशी केली म्हणे. पायलनं खुर्ची पुसून दिली, नमुन्यांचं पुस्तक पुढं केलं. त्रिशूळ, मोरपीस, वाघाचं तोंड, बाळाचे पाय, पंख फुटलेली अक्षरं. आत्यानं ते पुस्तक हळूच मिटून तिच्या मांडीवर ठेवलं. "माय, आमाले शोभेचं नाही पायजे."

तरी काय लिहायचं यावर वाद झालाच. जीवन फोनवर होता. तो म्हणे माझा नंबर टाका, मी शिकलेला आहे, कोणाचा फोन आला तर नीट बोलेन. आत्या म्हणाली, "तू कंपनीत गेला का फोन पेटीत ठेवतं. संध्याकाळपावतर त्यायनं कुठं उभं राहावं?" पायलनं विचारलं, नाव टाकायचं का? आत्या म्हणाली, "नावानं आपल्याले आपल्या गावात वळखते, माय. भाईर कोन वळखते? गावच टाक." मला पटलं. गाव आणि नंबर. यापलीकडं त्या माणसाला जगात लागत तरी काय होतं?

पण मामा हात देईनात. यंत्राची घरघर ऐकली आणि त्यांनी हात काखेत दाबला. पायलनं लाडीगोडी लावली, मी रागावले. मामा उठून दाराकडं निघाले. "मी काय बैल हाय का? डाग देऊन राह्यले मले!" आत्या आडवी आली. भर दुकानात तिनं त्यांचे पाय धरले. "पाया पडतो तुमच्या. एवढं करू द्या. मी मरून जाईन हो." बाजूला कान टोचून घ्यायला आलेल्या दोन पोरी भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. मामा ढिम्म. त्यांना ही कोण बाई पाय धरतेय हेसुद्धा त्या घडीला कळत नसावं.

मग आत्या उठली, डोळे पुसले, पदर सारखा केला आणि एकदम निराळ्या, खणखणीत आवाजात म्हणाली, "कंडक्टर! गाडीले पाटी काऊन नाही?"

मामा थांबले.

"बिनपाटीची गाडी काहाडता का फलाटावून?"

मामांनी इकडंतिकडं पाहिलं. चेहरा ओशाळला. "कोन्ती पाटी?" त्यांनी विचारलं.

"साखरखेर्डा."

ते परत आले, खुर्चीत बसले, बाही दुमडली आणि हात आपण होऊन पुढं केला. पायल सुई लावणार, तर म्हणाले, "अक्षर मोठं काहाड, बाई. म्हाताऱ्या मानसाले दुरून दिसलं पायजे." गावाचं नाव झाल्यावर खाली नंबर काढला, तो त्यांनी गाडीचा नंबर म्हणून चालवून घेतला. सुई चालू असताना हूं की चूं केलं नाही. विव्हळत होती ती आत्या. पायलनं चौकट आखून दिली, तेव्हा तर मामा खूष. मनगटापासून कोपरापर्यंत काळीभोर, ठसठशीत पाटी. परतीच्या गाडीत ते बाही वर करूनच बसले, असं आत्यानं फोनवर सांगितलं. सांगताना ती हसत होती. तिचं हसणं मी किती दिवसांनी ऐकलं! त्या रात्री मी देवापुढं साखर ठेवली, जी मी एरवी ठेवत नाही.

आणि पाटी चालली की हो! पहिल्यांदा चिखलीच्या स्टँडवरून एका फळवालीचा फोन आला. मग जालन्याहून एका कंडक्टरचा. लोक हात वाचत, फोन लावत, मामांना साखरखेर्ड्याच्या गाडीत बसवून देत. आत्या इकडं स्टँडवर जाऊन उभी राही. गाडीतून मामा ऐटीत उतरत. एकदा तर कोणीतरी त्यांच्या हातात केळी देऊन पाठवलं होतं. मी ऑफिसात शेजारणींना छाती फुगवून सांगायचे, आमच्या आत्याचं डोकं बघा. चौथी शिकलेली बाई, पण पुण्याचं घड्याळ झक मारतं तिच्यापुढं.

या सगळ्यात एक गोष्ट आमच्या ध्यानात आली नाही. जन्मभर एसटीनं फिरलो, पण आली नाही. गाडी शेवटच्या गावाला पोचली, की कंडक्टर खाली उतरतो आणि पाटी पालटतो. कारण आता ती गाडी त्या गावाला जाणार नसते. त्या गावाहून निघणार असते.

एका संध्याकाळी मामा उतरले आणि घरी चलेनात. स्टँडवर उभे राहून हाताकडं बघत राहिले. आत्या म्हणाली, "चला ना." मामा म्हणाले, "गाडी साखरखेर्ड्यात उभी, अन् पाटीबी साखरखेर्डा? लोक काय म्हनतीन?" आत्याला आधी हसूच आलं. घरी आणून जेवायला वाढलं, तर ते पाटीचा हात थुंकी लावून चोळत होते. दुसऱ्या दिवशी विटेच्या तुकड्यानं घासला. रक्त निघालं, अक्षर निघालं नाही. आत्यानं वीट हिसकावली, तर दगड घेतला. दगड हिसकावला, तर नखं. त्यांचं तरी काय चुकलं? सारं घर त्यांना खोटी पाटी लावून उभं करत होतं. लोक फसतील म्हणून त्यांचा जीव तळमळत होता. "बदला ना माय पाटी, गाडी लेट होऊन राह्यली," असं बायकोला माय म्हणून विनवायचे.

आत्याचा फोन आला की मला घाम फुटे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते आम्ही अक्षरशः करून बसलो होतो. पायलला विचारलं. ती बिचारी म्हणाली, पुसता येतं ताई, पण मोठ्या शहरात जावं लागेल, फार वेळा जावं लागेल. आणि पुसायचं तरी कसं? पुसलं की सापडायचे कसे? दुसऱ्या हातावर परतीची पाटी म्हणून 'मेहकर' गोंदून टाकू या, असं मी एकदा म्हटलं. चेष्टेत म्हटलं की खरंच, मला आजही सांगता येणार नाही. आत्यानं तो विचार आधीच करून पाहिला असावा. "नाही," म्हणाली. "मंग लोक त्यायले मेहकरले धाडतीन. मी दोन्ही गावाले कशी उभी राहू?"

वाट शेवटी मामांनीच काढली. आत्या न्हाणीत होती. त्यांनी दोरीवरचं तिचं जुनं लुगडं घेतलं, काठाकडून लांब पट्टी फाडली आणि मनगटापासून कोपरापर्यंत हात गुंडाळून घेतला. नीट, एकावर एक वेढे. पाटी लावायची नसेल तर झाकायची तरी, हा हिशेब. बाही खाली केली आणि निघाले. अन्नपूर्णाबाईंनी ओट्यावरून विचारलंही, "भाऊजी, हाताले काय लागलं?" मामा म्हणाले, "काही नाही बाई, गाडी सोडून राह्यलो." त्या माउलीला वाटलं, नेहमीचंच बरळतात. आत्या ओल्या केसांनी स्टँडवर पोचली तेव्हा तिथून दोन गाड्या निघून गेल्या होत्या, दोन दिशांना. कोणत्या गाडीत होते ते धड कोणी सांगेना. खाकीतला माणूस स्टँडवर कोण बघून ठेवतो?

त्यानंतर फोन आला नाही.

जीवन रजा टाकून आला. वाशीम, अकोला, हिंगोली, नांदेड. जिथं जिथं गाड्या जातात तिथं तिथं आम्ही फिरलो. आगारं पाहिली, दवाखाने पाहिले, धर्मशाळा पाहिल्या. आणखी काय काय पाहिलं, ते लिहीत नाही. पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी चांगलं ऐकून घेतलं. ओळखीची खूण काय, म्हणाले. मी गोंदण सांगितलं, पट्टीही सांगितली. साहेबांची लेखणी थांबली. त्यांनी वर पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागले. वाशीमला एकदा तसाच पाठमोरा खाकी शर्ट दिसला. आत्या धावली. वयाची बाई, चप्पल तिथंच टाकून धावली. तो माणूस वळला आणि घाबरून दोन पावलं मागं सरला.

मामा निघून गेले तेव्हा शेतात सोयाबीन कोवळं होतं. त्यानंतर सोयाबीन निघालं, हरभराही निघाला. आत्या न्हाताना फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्हाणीच्या कट्ट्यावर ठेवते. मळ्यात रेंज जाते म्हणून मळ्यात जात नाही. सख्ख्या पुतण्याच्या लग्नाला गेली नाही. कर्ज घ्या म्हणणाऱ्या पोरींचे फोन येतात, तर ती त्यांचं सगळं बोलणं शेवटापर्यंत ऐकून घेते. मधेच कुठं मामांचं काही निघेल म्हणून.

मागच्या महिन्यात जीवन तिला न्यायला आला. मलाही बोलावून घेतलं होतं. मी सांगितलं तर ऐकेल, असं त्याला वाटत होतं. तिची अवस्था बघून मलाही वाटत होतं तिनं जावं. गळ्याची हाडं मोजून घ्यावीत, अशी झालीय. तो म्हणाला, "आई, फोन पुण्यातबी लागते. कुठूनबी आला तरी मी गाडी घेऊन जाईन."

"फोन येईन पुन्याले," आत्या म्हणाली. "मानूस कुठं येईन? हातावर गाव लिवलं हाय. लोक त्यायले इथंच आनतीन."

जीवन थकलेला होता. आम्ही सगळेच थकलोय. तो म्हणाला, "आई, हात झाकेल हाय त्यायचा. कोनाले दिसून राह्यलं ते?"

ही गोष्ट आमच्यापैकी प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती, पण आत्यासमोर आजवर कोणी बोललं नव्हतं. मला वाटलं, आता ही कोसळते. मी उठून तिच्याजवळ गेले.

ती कोसळली नाही. लहान मुलाला समजावावं तशी, अगदी हळू आवाजात म्हणाली, "मले काय माहीत नाही का रे? पन पट्टी पाहून कोनी तरी इचारंनच ना, बाबा, काय लागलं म्हनून. जखम पाहाले तरी कोनी सोडंन ते. एवढी दुनिया हाय. एकाले तरी दया येईन का नाही?"

जीवननं तिची पिशवी भरून दाराशी आणून ठेवली होती. ती त्यानं उचलून आत नेली आणि एकेक लुगडं परत दोरीवर टाकलं.